जुनी एफ/१.५ लेन्स आणि रेंजफाइंडर कॅमेरा : ज्युपिटर-३ वापरण्याची पद्धत

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहताना समोरचे सगळे काही सारखेच स्पष्ट दिसते. जवळचा चेहरा, त्याच्या मागची भिंत आणि खिडकीबाहेरचे झाड यांपैकी फिल्मवर काय रेखीव उमटणार आणि काय विरघळणार, याची कोणतीही खूण त्या काचेत मिळत नाही, कारण ती काच मुळात लेन्समधून पाहतच नाही. फोकस करायचा तो दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून, आणि अंतर ठरवणाऱ्या या यंत्रणेलाच रेंजफाइंडर म्हणतात. एफ/८ वर, म्हणजे लेन्सचे प्रकाशाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान ठेवून, काम करणाऱ्याचे यामुळे फारसे अडत नाही; एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. परंतु ५० मिमीची एफ/१.५ लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक मीटरवरून एखाद्याचे छायाचित्र घ्यायचे झाले, तर फिल्मवरील ०.०३ मिमीच्या ठिपक्याचा नेहमीचा निकष धरूनही स्पष्टतेचा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरतो. दोन मीटरवर तो चौदा सेंटीमीटर आणि तीन मीटरवर सुमारे बत्तीस सेंटीमीटर होतो. हा पट्टा नेमका कोठे पडणार, हे आपल्या विशिष्ट लेन्सपुरते आणि आपल्या विशिष्ट कॅमेऱ्यापुरते आधी शोधून ठेवावे लागते, आणि या लेन्सच्या वापरातले निम्म्याहून अधिक काम तेच आहे. येथे उदाहरणासाठी सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर-३ आणि लायका या जर्मन रेंजफाइंडरच्या जातीचा कॅमेरा ही जोडी घेतली आहे, कारण जुन्या फास्ट, म्हणजे मोठ्या छिद्राच्या, लेन्सचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सर्व खोड्या तिच्यात एकत्र सापडतात.

या लेन्सचा आराखडा मूळचा जर्मन आहे. लुडविग बेर्टेले यांनी झाइस इकॉनच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आखलेली ५ सेंमी एफ/१.५ झोनार लेन्स १९३२ मध्ये आली. तिच्यात सात भिंगे तीन गटांत चिकटवलेली होती, त्यामुळे हवा आणि काच यांना जोडणारे पृष्ठभाग फक्त सहाच उरले. त्या काळी भिंगांवर परावर्तनरोधक लेप नसे आणि अशा प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरून आत भटकत राही. म्हणूनच जास्त पृष्ठभाग असलेल्या डबल गॉस पद्धतीच्या लेन्सपेक्षा झोनारची प्रतिमा अधिक ठसठशीत येत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची यंत्रसामग्री आणि काच सोव्हिएत संघात गेली, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात हीच लेन्स बनू लागली. पुढे ज्युपिटर-३ या नावाने तिचे उत्पादन झागोर्स्क आणि वाल्दाई येथील कारखान्यांत १९८० च्या दशकापर्यंत चालले. जपानमध्ये निकॉननेही याच आराखड्यावर आपल्या ५ सेंमी निक्कोर लेन्स बेतल्या. १९५० मध्ये कोरियन युद्धाचे छायाचित्रण करताना डेव्हिड डग्लस डंकन यांनी निक्कोर लेन्स वापरल्या आणि त्यांच्यामुळे जपानी लेन्सकडे पाश्चात्त्य छायाचित्रकारांचे लक्ष वळले.

कमी पृष्ठभागांच्या या फायद्याची किंमत गोलीय विपथनाच्या रूपाने मोजावी लागते. भिंगाच्या कडेने येणारे किरण आणि मध्यातून येणारे किरण एकाच जागी मिळत नाहीत. कडेचे किरण थोडे अलीकडे एकत्र येतात. अ‍ॅपर्चर लहान केले की कडेचे किरण अडतात आणि फोकसची जागा मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर, सरकते. लेन्समधूनच पाहता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यात हा सरकलेला फोकस निदान पाहण्याची सोय असते. रेंजफाइंडरला मात्र लेन्सवर कोणते अ‍ॅपर्चर लावले आहे हे कळत नाही, तो एफ/१.५ लाही आणि एफ/४ लाही तेच अंतर दाखवतो.

विकत घेताना काय पाहावे

लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्च लावावा आणि समोरून तिरके पाहावे. बारीक ओरखडे आणि काचेतले बुडबुडे यांचे दडपण घेऊ नये. जुन्या काचेत बुडबुडे असणे नित्याचे होते आणि त्यांचा छायाचित्रावर परिणाम होत नाही. खरी काळजी अ‍ॅपर्चरच्या पात्यांलगतच्या पृष्ठभागांवर बसलेल्या धुरकटपणाची करावी. हेलिकॉइडमधले, म्हणजे फोकस करताना लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांमधले, जुने वंगण वर्षानुवर्षे बाष्परूपाने आत जाऊन बसते आणि हा थर नुसत्या डोळ्यांना दिसत नसला तरी प्रतिमेतला काळा रंग राखाडी करून टाकतो. तो बहुतेक वेळा निघतो, पण त्यासाठी लेन्स खोलावी लागते, आणि थर फार वर्षे तसाच राहिला तर खालच्या काचेवर कायमचे डाग पडतात. पात्यांवर तेल दिसले तर पाती अडकतील अशी भीती नको, कारण या लेन्सचे अ‍ॅपर्चर हाताने फिरवायचे असते. मात्र तेच तेल उद्याचा धुरकटपणा ठरणार, हे ध्यानात ठेवून भाव करावा.

फोकसची रिंग दोन्ही टोकांपर्यंत एकसारख्या ताणाने फिरते का आणि लेन्सचा पुढचा भाग हातात डुगडुगतो का, हेही तपासावे. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा उत्पादनाचे वर्ष सांगतात. लायकाच्या स्क्रू माउंटमधील (आट्यांनी कॅमेऱ्यावर बसणाऱ्या) ‘कार्ल झाइस येना झोनार’ असे नाव कोरलेल्या लेन्स मोठ्या संख्येने बाजारात फिरत असतात आणि त्यांपैकी पुष्कळशा नाव बदललेल्या ज्युपिटर असतात. नावासाठी जास्तीचे पैसे देण्याऐवजी तेच पैसे लेन्स साफ करून आणि जुळवून घेण्यावर खर्च करावेत, असे माझे मत आहे.

कॅमेऱ्यावर बसवणे

ज्युपिटर-३ ची एक आवृत्ती किएव्ह आणि कॉन्टॅक्सच्या माउंटमध्ये आहे, तर दुसरी ३९ मिमीच्या स्क्रू माउंटमध्ये. येथे दुसरीचाच विचार केला आहे. स्क्रू माउंटच्या लायकात, किंवा झोर्की आणि फेड या त्याच धर्तीच्या सोव्हिएत कॅमेऱ्यांत ती थेट बसते. लायका एम मालिकेच्या कॅमेऱ्यावर ती बसवण्यासाठी एक मिलिमीटर जाडीची अ‍ॅडाप्टर रिंग लागते, कारण स्क्रू माउंटचे फिल्मपासूनचे अंतर २८.८ मिमी आणि एम माउंटचे २७.८ मिमी आहे. रिंग घेताना ५० मिमीची चौकट व्ह्यूफाइंडरमध्ये आणणारीच मागावी. २८ आणि ९० किंवा ३५ आणि १३५ यांच्यासाठीच्या रिंगा वेगळ्या असतात आणि दिसायला जवळजवळ सारख्याच दिसतात.

स्वस्त रिंगच्या जाडीतील फरकाने फोकस चुकतो असे सर्रास ऐकू येते, ते अर्धेच खरे आहे. रिंग किंचित जाड असली तर लेन्स आणि तिच्या मागचा रेंजफाइंडरला ढकलणारा कॅम हे दोन्ही एकत्रच पुढे येतात, त्यामुळे त्यांच्यातला मेळ टिकतो. बिघडते ते एवढेच की लेन्स अनंतापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे फार दूरच्या वस्तूंवर फोकस होत नाही, आणि तिच्यावर कोरलेले अंतराचे आकडे चुकीचे ठरतात. रिंगच्या दोन्ही बाजू समांतर नसतील तर मात्र चित्राची एक कड सतत मऊ येते आणि त्यावर रिंग बदलण्याखेरीज इलाज नाही.

फोकसची परीक्षा

प्रथम कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर तपासावा, कारण तोच चुकत असेल तर पुढची सगळी मोजमापे फुकट जातात. किलोमीटरभर लांबचा मनोरा किंवा इमारतीची उभी कड घेऊन लेन्स अनंतावर लावली असता दोन्ही प्रतिमा एकमेकींवर पूर्ण बसतात का, ते पाहावे. त्यांच्यात वर-खाली फरक दिसला तर तोही दुरुस्त करून घ्यावा, अन्यथा मंद प्रकाशात उभ्या रेषा जुळवताना डोळा गोंधळतो. त्यानंतर भरवशाची, संथ लेन्स, उदाहरणार्थ एफ/३.५ ची एल्मार किंवा इंडस्टार, लावून जवळच्या अंतरावर तीच खात्री करावी. अंतर नेहमी कॅमेऱ्यातील फिल्मच्या पातळीपासून मोजायचे असते, लेन्सच्या तोंडापासून नव्हे.

या ठिकाणी कॅमेऱ्या-कॅमेऱ्यातला फरकही लक्षात घ्यावा. रेंजफाइंडरची अचूकता त्याच्या दोन खिडक्यांतील अंतर आणि व्ह्यूफाइंडरचे वर्धन यांच्या गुणाकारावर ठरते. लायका एम३ मध्ये हा गुणाकार सुमारे ६२ मिमी, स्क्रू माउंटच्या लायका थ्री-एफमध्ये ५८ मिमीच्या आसपास, ०.७२ वर्धनाच्या एम कॅमेऱ्यांत जवळजवळ ५० मिमी, तर झोर्की-४ मध्ये ३८ मिमीच्या घरात आणि फॉख्टलँडर बेसा आरमध्ये फक्त २५ मिमी येतो. बेसा आर उत्तम कॅमेरा आहे, पण एफ/१.५ साठी त्याची निवड करू नये.

कॅमेरा ठीक आहे असे ठरल्यावर लेन्स तपासावी. मागचे झाकण उघडणाऱ्या कॅमेऱ्यात फिल्म न वापरता ही परीक्षा करता येते. शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहणाऱ्या खुणेवर) ठेवून लॉक होणाऱ्या केबल रिलीझने, म्हणजे बटण दाबणाऱ्या तारेने, उघडे ठेवावे आणि फिल्म ज्या आतल्या दोन रुळांवर टेकते त्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा खरखरीत बाजू लेन्सकडे करून बसवावा. काच मिळाली नाही तर धुरकट चिकटपट्टी ताणून लावली तरी काम भागते. समोर बरोबर एक मीटरवर टेबलदिवा किंवा एखादी उजळ उभी रेषा ठेवून ती रेंजफाइंडरने जुळवावी आणि काचेवर उमटलेली प्रतिमा आठ पट भिंगाने पाहावी. रिंग किंचित पुढे-मागे केल्यावर प्रतिमा अधिक रेखीव होत असेल, तर रेंजफाइंडर आणि लेन्स यांचे मत जुळत नाही हे लगेच कळते. स्क्रू माउंटच्या जुन्या लायकात फिल्म खालून भरावी लागते आणि मागून फिल्मच्या जागेपर्यंत पोहोचताच येत नाही, म्हणून तेथे थेट फिल्मवरच परीक्षा घ्यावी.

फिल्मवरची परीक्षा तशीही चुकवू नये. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा. समोर एक कार्ड सरळ उभे करून त्यावर जाड उभी रेषा काढावी आणि त्या कार्डाला लागून, शून्याची खूण कार्डाच्या पातळीत येईल अशा बेताने, एक लांब पट्टी ४५ अंशात तिरकी ठेवावी. रेषा रेंजफाइंडरने जुळवावी आणि एफ/१.५, २, २.८, ४ व ५.६ या क्रमाने एकेक फ्रेम घ्यावी. दरवेळी रिंग अनंताकडे नेऊन पुन्हा जुळवावी. हाच क्रम एक, दीड आणि तीन मीटरवर केला की पंधरा फ्रेम होतात. फ्रेमचा क्रमांक, अंतर आणि अ‍ॅपर्चर त्याच वेळी वहीत लिहावे, कारण निगेटिव्हवर यांपैकी काहीच उमटत नाही. धुतलेली निगेटिव्ह लाइट बॉक्सवर भिंगाखाली पाहावी; मोबाइलवर काढलेल्या स्कॅनवरून निष्कर्ष काढू नये. पट्टीवर जेथे आकडे सर्वांत रेखीव आहेत तेथपर्यंतचे अंतर ०.७ ने गुणले की फोकस कार्डाच्या किती पुढे किंवा मागे पडला आहे ते मिळते.

निकाल साधारण तीन प्रकारचे येतात. पहिल्या प्रकारात एफ/१.५ ला फोकस रेषेच्या पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला, पडतो आणि एफ/२.८ च्या सुमारास बरोबर येतो. अशी लेन्स मधल्या अ‍ॅपर्चरसाठी जुळवलेली असते, आणि झाइसने अलीकडच्या काळात काढलेली सी झोनारही सुरुवातीला अशीच जुळवून दिली जात होती. दुसऱ्या प्रकारात एफ/१.५ बरोबर असतो आणि २.८ ला फोकस मागे सरकतो. तिसरा प्रकार ज्युपिटर-३ मध्ये विशेष आढळतो : अनंत बरोबर, पण एक मीटरवर एफ/१.५ ला देखील फोकस मागे. याचे कारण मापांच्या दोन परंपरांत आहे. लायकाचा रेंजफाइंडर सुमारे ५१.६ मिमी नाभीय अंतर गृहीत धरून आखला आहे, तर कॉन्टॅक्सच्या परंपरेतील ५० मिमी लेन्स प्रत्यक्षात ५२.४ मिमीच्या आसपास असते. एक मीटरवर फोकस करण्यासाठी पहिलीला सुमारे २.८१ मिमी आणि दुसरीला २.९० मिमी पुढे यावे लागते. हा ०.०९ मिमीचा फरक जागेवर सुमारे तीन सेंटीमीटर होऊन उमटतो, म्हणजे स्पष्टतेच्या जवळजवळ पूर्ण पट्ट्याएवढा. त्यात अ‍ॅपर्चर लहान केल्यावर फोकस आणखी मागे जातो, आणि मग डोळ्यांवर फोकस केलेल्या चित्रात कान रेखीव दिसतात.

यावरचा उपाय शिम हा आहे. भिंगांचा गट आणि फोकसचे माउंट यांच्यामध्ये धातूची एक पातळ चकती असते. तिची जाडी वाढवली की भिंगांचा गट कॅमच्या तुलनेत पुढे येतो आणि जवळचा फोकस जुळतो. वाढ सहसा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते आणि ती परीक्षेतल्या आकड्यांवरूनच ठरवावी. असे केल्यावर एफ/१.५ ला लांबचे डोंगर पूर्ण रेखीव येत नाहीत, कारण रेंजफाइंडर अनंत दाखवत असताना लेन्स प्रत्यक्षात काही दशक मीटरवर फोकस झालेली असते. एफ/४ च्या पुढे ही त्रुटी झाकली जाते आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर डोंगराचे छायाचित्र घेण्याचे प्रसंग तसेही क्वचितच येतात. लेन्स कारागिराकडे देणार असाल तर कॅमेराही सोबत द्यावा आणि ‘एक मीटरवर, एफ/१.५ ला जुळवा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. तसे सांगितले नाही तर बहुतेक जण अनंतावर जुळवून देतात.

एफ/१.५ लाच जुळवून घ्यावी असा आग्रह धरण्याचे कारण असे की, सर्वांत पातळ पट्टा तेथे असतो आणि चूक खपवून घेण्याची जागा सर्वांत कमी असते. एफ/४ ला एक मीटरवर नऊ सेंटीमीटरचा पट्टा मिळतो आणि फोकस थोडा मागे सरकला तरी डोळे त्यात राहतात. अडचण येते ती एफ/२ ते २.८ या टप्प्यात. तेथे जवळच्या अंतरावर रेषा जुळवल्यानंतर अंग दोन-तीन सेंटीमीटर मागे न्यावे. ज्यांची लेन्स पहिल्या प्रकारची आहे त्यांनी उलट, एफ/१.५ वापरताना तेवढेच पुढे झुकावे.

प्रत्यक्ष वापर

जवळच्या चेहऱ्यावर फोकस करताना रिंग फिरवत बसण्यापेक्षा अंतर आधी ठरवून घ्यावे आणि शरीर सावकाश पुढे-मागे करून दोन्ही प्रतिमा जुळल्या त्या क्षणी बटण दाबावे. उभ्या माणसाचे शरीर नकळत दोन-तीन सेंटीमीटर हलत असते, म्हणून शक्य असेल तेथे बसावे किंवा भिंतीला टेकावे. रेंजफाइंडरसाठी डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका किंवा चष्म्याची उभी काडी घ्यावी. भुवई आडवी असल्याने ती जुळली की नाही हे कळत नाही. अशा वेळी कॅमेरा क्षणभर उभा धरून जुळवावा. ज्युपिटर-३ एक मीटरच्या आत फोकस होत नाही. अ‍ॅपर्चरच्या रिंगला टप्पे नसल्याने ती फोकस करताना हाताला लागून सहज सरकते, म्हणून बटण दाबण्यापूर्वी आकड्याकडे एकदा नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी.

रेंजफाइंडरचा ठिपका चौकटीच्या मध्यभागी असतो, पण चेहरा तर बहुधा मध्यभागी नको असतो. मध्यात फोकस करून कॅमेरा पंधरा अंश फिरवला की एक मीटरवर फोकसची पातळी चेहऱ्याच्या सुमारे ३.४ सेंटीमीटर मागे जाते, म्हणजे केवळ चौकट बदलण्याने सगळा पट्टा खर्च होतो. यावरही किंचित मागे झुकणे हाच उपाय आहे. गंमत अशी की, एफ/१.५ ला फोकस पुढे पाडणाऱ्या पहिल्या प्रकारच्या लेन्समध्ये या दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात, आणि तिचा मालक चेहरा कडेला ठेवण्याची सवय असलेला असेल तर आपली लेन्स अगदी अचूक आहे असे तो शपथेवर सांगतो. स्क्रू माउंटच्या जुन्या लायकात आणि झोर्कीत जवळच्या अंतराला चौकट आपोआप सरकत नाही, म्हणून डोक्यावर जास्तीची जागा सोडावी.

प्रत्येक अ‍ॅपर्चरचा उपयोग वेगळा आहे. एफ/१.५ ला मध्यभाग रेखीव असतो, पण त्यावर हलकी आभा पसरते, कडा मऊ असतात आणि पार्श्वभूमी फार सौम्य विरघळते. फोकसच्या पुढच्या वस्तूंचा धूसरपणा मात्र त्या मानाने कडक कडांचा असतो, म्हणून अग्रभागी फांद्या किंवा जाळी ठेवणे टाळावे. एफ/२ ला आभा बरीच कमी होते. एफ/५.६ पासून ही लेन्स कोपऱ्यांपर्यंत नीटस चित्र देते आणि तेथे तिच्यात व चांगल्या एफ/२ लेन्समध्ये फरक ओळखणे कठीण जाते. नेहमी एफ/५.६ लाच काम करणाऱ्याने ही लेन्स घेण्याचे कारण नाही.

एफ/१.५ चे खरे क्षेत्र घरातला संध्याकाळचा प्रकाश हे आहे. साध्या दिव्यांच्या खोलीत ४०० आयएसओची फिल्म, एफ/१.५ आणि १/६० सेकंद हे गणित बऱ्याचदा जमते. खोली अंधारी असेल तर इलफोर्ड एचपी५ प्लससारखी फिल्म १६०० ला वापरून डेव्हलपिंग वाढवावे. दिवसा उलटी अडचण येते. कडक उन्हात १०० आयएसओची फिल्म १/१००० ला सुमारे एफ/५.६ मागते, त्यामुळे एफ/१.५ वापरायचे तर चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर आणणारी करडी काच, लागेल. या लेन्सला ४०.५ मिमीचे फिल्टर बसतात. त्यापेक्षा सावलीत जावे हे बरे. मोकळ्या सावलीत तीच फिल्म १/१००० ला एफ/२ पर्यंत आणि ५० आयएसओची पॅन एफ प्लस जवळजवळ एफ/१.५ पर्यंत नेते. जुन्या कापडी शटरचा १/१००० खरोखर तेवढा भरतोच असे नाही, म्हणून १/५०० धरून हिशेब करणे सुरक्षित असते. झोर्की-४ मध्ये वेगाची चकती शटर ताणल्यानंतरच फिरवावी, अन्यथा यंत्रणा बिघडते.

चौकटीच्या लगत बाहेर दिवा किंवा खिडकी असेल तर जुन्या एकेरी लेपाच्या लेन्समध्ये चित्रावर दुधी पडदा येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये तोही दिसत नाही. एक लहानसे, कापलेल्या खिडक्यांचे हूड (लेन्सच्या तोंडावर सावली धरणारे कडे) कायम लावून ठेवावे, आणि शंका असेल तेथे तळहाताने लेन्सवर सावली धरावी. सौम्य प्रकाशात घेतलेल्या कृष्णधवल फिल्मचे डेव्हलपिंग थोडे वाढवले तर या लेन्सचा मऊ कॉन्ट्रास्ट सावरतो. उन्हातल्या फिल्मला मात्र याची गरज नाही, उलट तेथे हाच मऊपणा सावल्यांतला तपशील राखतो.

ऊन आणि पाऊस

लायका, झोर्की आणि फेड यांचे शटर रबर लावलेल्या कापडाचे असते आणि समोर आरसा नसल्याने लेन्समधून आलेले ऊन थेट त्यावर पडते. एफ/१.५ वर उघडी, अनंतावर लावलेली लेन्स सूर्याकडे तोंड करून काही सेकंद जरी राहिली तरी कापडाला बारीक छिद्र पडू शकते आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमवर पांढरा ठिपका उमटतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हे अधिकच सांभाळावे. गळ्यात कॅमेरा घेऊन चालताना अ‍ॅपर्चर एफ/१६ वर आणि फोकस एक मीटरवर ठेवावा, किंवा टोपण लावावे. टोपण लावलेले व्ह्यूफाइंडरमधून कळत नाही, म्हणून ते काढल्यावरच शटर ताणावे असा क्रम ठेवावा. कॅनन ७ मध्ये पोलादी पडदा आहे, त्यामुळे त्याच्या मालकांना ही चिंता नाही.

मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने लेन्ससाठी उन्हापेक्षा जास्त घातक असतात, कारण धुळीवर वाढणारी बुरशी दमट हवेत काचेच्या लेपापर्यंत पोहोचते. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवावी. ते नसेल तर हवाबंद डब्यात रंग बदलणारे सिलिका जेल घालावे आणि रंग बदलला की ते पुन्हा तापवून कोरडे करावे. लेन्स चामड्याच्या पेटीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही तिच्यापासून लांब ठेवाव्यात, कारण त्यांची वाफ काचेवर बसते. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून फोकसची आणि अ‍ॅपर्चरची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावी, तासभर उजेडात ठेवावी आणि टॉर्च लावून आतल्या पृष्ठभागांवर जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. ते दिसले तर दिवाळीची वाट न पाहता लगेच साफ करून घ्यावी.